गोऱ्हे बुद्रुकमधलं 'बुद्रुक' कुठल्या रकान्यात?

प्रश्न असा आला आहे: "ओपनस्ट्रीटमॅपवर मी आमच्या तालुक्यातली गावं नोंदवतो. सातबाऱ्यावर गावापुढे 'बु॥' असतं, इंग्रजी यादीत 'बीके' असतं आणि गावातला माणूस यातलं काहीच बोलत नाही. मग नावाच्या रकान्यात 'बुद्रुक' लिहायचं, की ते वर्णन समजून वेगळं काढायचं? कसबे, मौजे, जुनी-नवी, रिठ, वाडी यांचंही तेच कोडं आहे."

बुद्रुक नावातच लिहायचं, आणि पूर्ण अक्षरी. बाकीच्या शब्दांचा निकाल इतक्या झटपट लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. तो कुणीही भरू शकतो, कुणीही दुरुस्त करू शकतो. नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याला किंवा रेघेला नोंदींच्या जोड्या चिकटवलेल्या असतात: डावीकडे रकान्याचं नाव, उजवीकडे माहिती. 'नेम' या रकान्यात नाव, 'प्लेस'मध्ये ते शहर की खेडं की वाडी, 'पॉप्युलेशन'मध्ये लोकसंख्या. शिवाय मराठी, हिंदी, इंग्रजी नावांचे वेगवेगळे रकाने, जुन्या नावाचा वेगळा, पर्यायी नावाचा वेगळा. तिथला एक नियम फार जुना आहे: नावाच्या रकान्यात फक्त नाव, वर्णन नको. ऐकायला सोपा. पण मराठी गावांची नावं मुळात वर्णनातूनच घडलेली असतात, त्यामुळे आपल्याकडे तो पाळताना घाम फुटतो.

आता बुद्रुक. फारसीत 'बुजुर्ग' म्हणजे मोठा किंवा वडीलधारा, आणि 'खुर्द' म्हणजे लहान. सुट्या पैशांना आपण 'खुर्दा' म्हणतो तो ह्याच घरातला. महसुली दप्तरातून हे दोन शब्द गावांना चिकटले, आणि बुजुर्गचं जिभेवर घासून बुद्रुक झालं. उत्तरेकडे अजून गावांच्या नावांत 'बुजुर्ग' शाबूत आहे. आपल्याकडची अस्सल देशी जोडी थोरली-धाकटी. पालघर जिल्ह्यातली धाकटी डहाणू हे तिचं चांगलं उदाहरण.

म्हणजे जन्माने हे वर्णनच. मग नावात का ठेवायचं? कारण ते वर्णन म्हणून कधीच मेलेलं आहे. पुण्यातल्या आजच्या कोंढवा खुर्दकडे बघून त्याला कुणी लहान म्हणणार नाही, तरी ते खुर्दच राहिलं. शब्दाचा अर्थ खोटा ठरला तरी शब्द हलत नाही, तेव्हा तो नावात मुरला असं समजावं. दुसरी कसोटी त्याहून सोपी: शब्द काढून पाहा. 'आंबेगाव' एवढंच ठेवलं तर पत्र आंबेगाव खुर्दला जाईल की बुद्रुकला? शब्द गळल्यावर माणूस भलत्या गावात पोचत असेल तर तो शब्द नावाचाच.

गावातला माणूस तो उच्चारत नाही, हा मुद्दा खरा आहे, पण त्याला फार वजन देऊ नका. आपल्या गावात बसून कुणीच आपलं पूर्ण नाव घेत नाही. शेजारच्या तालुक्यात जाऊन विचारा, लगेच "कुठलं? बुद्रुक का खुर्द?" असा उलटा प्रश्न येतो. नुसतं रुळलेलं नाव हवंच असेल तर पर्यायी नावाचा रकाना त्यासाठीच आहे.

'बु॥' मात्र नको. ती दोन उभ्या दंडांची खूण मोडी दप्तरांपासून चालत आलेली, संक्षेप दाखवणारी. तलाठ्याला ती पुरते, कारण पुढचं त्याला पाठ असतं. यंत्राला पाठ नसतं. रस्ता सांगणारं ॲप 'बु' असं वाचून गप्प बसतं. पूर्ण नावाचा संक्षेप यंत्र केव्हाही करील, पण संक्षेपावरून पूर्ण नाव ओळखणं त्याला जमेलच असं नाही. इंग्रजी रकान्यातल्या 'बीके'चं तर विचारूच नका. पत्त्यांमधून ते इतकं बोकाळलं आहे की बीके म्हणजे कुणा बिल्डरची आद्याक्षरं असावीत असा समज मी स्वतः ऐकला आहे.

गोऱ्हे बुद्रुक मुद्दाम निवडलं, कारण त्यात आणखी एक खाच आहे. खडकवासल्याच्या पाण्याकाठचं हे गाव. त्यातला 'ऱ्ह' टंकायचे तीन प्रकार सर्रास दिसतात. युनिकोडमध्ये 'ऱ'ला स्वतंत्र जागा आहे. ते अक्षर घेऊन पाय मोडला की बरोबर 'गोऱ्हे' उमटतं. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', मोडलेला पाय आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला तंतोतंत तेच, पण यंत्राच्या लेखी अक्षरं निराळी, त्यामुळे शोधताना एकाने टंकलेलं गाव दुसऱ्याला सापडत नाही. तिसरा प्रकार हिंदी कळफलकाचा, 'गोर्हे', ह्यात रफार ह च्या डोक्यावर चढतो. हे सरळ चुकीचं. कऱ्हाड, कऱ्हा नदी, सगळ्यांचं हेच दुखणं. पहिला प्रकार वापरा. जुन्या नोंदी दुरुस्त करताना डोळ्यांवर विसंबू नका, खोडून पुन्हा टंका.

कसबे आणि मौजे यांच्याबाबत बरेच जण गडबडतात. कसबा म्हणजे बाजारपेठेचं, परगण्याच्या मुख्य ठिकाणाचं गाव आणि मौजा म्हणजे साधं शेतकऱ्यांचं गाव. सरकारी कागदात कुठल्याही गावाआधी 'मौजे' लिहायची रीत आहे: मौजे अमुक, तालुका तमुक. तो झाला नुसता मायना. नावाआधी 'श्री' लावावं तसा. तो नकाशात आणायचा नाही. पण सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज ही दोन वेगळी गावं आहेत. निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे. तिथे 'मौजे' खोडलंत तर एक गाव पुसलंत. शब्द तोच, पण एकीकडे मायना, दुसरीकडे नाव. यादी हाती घेऊन सरसकट 'मौजे' काढून टाकणारे उत्साही लोक असतात, त्यांना ह्या दोन जोड्या आधी दाखवाव्यात.

जुनी-नवीचंही तसंच. पिंपरी-चिंचवडमधली जुनी सांगवी आणि नवी सांगवी ही आज नांदती, शेजारशेजारची दोन ठिकाणं. 'जुनी' दिसलं म्हणून ते 'ओल्ड-नेम'च्या रकान्यात ढकलायचं नाही. तो रकाना एकाच ठिकाणाच्या बदललेल्या नावासाठी आहे: धाराशिवचं उस्मानाबाद तिथे जाईल, अहिल्यानगरचं अहमदनगर तिथे जाईल. थोडक्यात, तिथे जुनं असतं ते नाव, गाव नव्हे. किल्लारीसारख्या ठिकाणी, जिथे 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर गाव दुसरीकडे वसवलं गेलं, तिथे दोन ठिपके हवेत, कारण जागाच दोन आहेत. उजनीच्या पाण्यात गेलेल्या जुन्या पळसदेवचं तेच. धरणाचं पाणी ओसरलं की जुनं देऊळ वर येतं, लोक बघायला जातात. ती जागा आहे, तिला नाव आहे, फक्त तिथे कुणी राहत नाही.

इथेच 'रिठ' येतं. विदर्भात उजाड झालेल्या गावाला रिठ किंवा रिठी म्हणतात. महसुली दप्तरात त्याचं क्षेत्र, गट क्रमांक सगळं जिवंत असतं, शेतं पिकतात, घर मात्र एकही नाही. अशा गावाला दुसरा शब्द बेचिराख. त्याचा राखेशी काही संबंध नाही. मुळात ते बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. गावांच्या याद्यांत नावापुढे कंसात रिठ लिहिलेलं आढळतं. माझ्या मते हे वर्णन आहे, नाव नाही. उद्या तिथे चार घरं उभी राहिली तर कंस गळून पडेल. तेव्हा नावातून काढा आणि ठिकाणाचा प्रकार नोंदवा.

हा प्रकार नोंदवताना मात्र इंग्रजी शब्द आपल्याला गंडवतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये 'लोकॅलिटी' म्हणजे जिला नाव आहे पण जिथे वस्ती नाही अशी जागा. आपल्याकडच्या इंग्रजीत लोकॅलिटी म्हणजे नेमकं उलट, गजबजलेली वस्ती, मोहल्ला. त्यामुळे शहरातल्या भरगच्च नगरांना 'लोकॅलिटी' लावून लोकांनी कागदोपत्री बेचिराख केलेलं मी पाहिलं आहे. रिठाला हा प्रकार बरोबर बसतो, कॉलनीला नाही. शहराच्या भागासाठी 'सबर्ब', 'नेबरहुड' वगैरे आहेत. त्यातल्या 'सबर्ब'चा अर्थ तिथे उपनगर असा नसून शहराचा ठळक ओळख असलेला भाग इतकाच आहे. नाहीतर सदाशिव पेठेला उपनगर म्हणायची पाळी यायची, आणि ते धाडस निदान मी तरी करणार नाही.

वाडीबद्दल सगळ्यात जास्त लिहिता येईल. इथे मराठीची श्रीमंती नकाशाच्या ठरीव खणांत मावत नाही. देशावर वाडी आणि वस्ती, नाशिककडे मळा, पालघर-नंदुरबारकडे पाडा, बंजारा समाजाचा तांडा, यवतमाळकडे कोलामांचा पोड, गोंदियाकडे टोला, रायगड-रत्नागिरीत कोंड. ह्या सगळ्यांना नकाशात बहुधा एकच शब्द लावतात, 'हॅम्लेट', आणि त्याचा संकेत शंभर-दोनशे माणसांपेक्षा लहान वस्ती असा आहे. आपल्या कित्येक वाड्या त्याहून मोठ्या असतात. मी सांगेन की प्रकार डोकी बघून ठरवा, शब्द बघून नको. सावंतवाडी नावाने वाडी आहे आणि प्रकाराने शहर. उलट, पाडा, तांडा, कोंड हे शब्द नावातून गाळू नका, कारण प्रकाराच्या खणात त्यांची कुठेच दखल नाही. नावातून गेले की नकाशातूनच गेले.

कोकणात ठिपका कुठे द्यायचा हाही प्रश्न पडतो. घाटावर गावठाण असतं, त्याच्या मधोमध दिला की झालं. कोकणी गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या पाच-दहा वाड्या, आणि 'गाव' नावाची अशी वेगळी जागा दाखवताच येत नाही. मी ग्रामदेवतेचं देऊळ किंवा ग्रामपंचायत असलेल्या ठिकाणी गावाचा ठिपका देतो आणि वाड्या वेगळ्या. क्षेत्राचा मध्य काढून दिला तर तो बऱ्याचदा सड्यावर, निर्मनुष्य कातळावर पडतो.

वाड्यांच्या नावांत जाती असतात, हेही टाळून चालणार नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. कुठे पाटी बदलली आहे, कुठे बोलण्यातही नवं नाव आलं आहे, कुठे दोन्ही चालतं. नकाशाचा नियम जे तिथे आहे ते लिहा असा आहे, आणि तो इथे चांगला उपयोगी पडतो. पाटी बघा, तिथल्या माणसांना विचारा, ती जे नाव स्वतःसाठी सांगतील ते मुख्य रकान्यात. जुनं नाव 'ओल्ड-नेम'मध्ये भरायची घाई करू नये. रकाना रिकामा आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असं नाही.

राहिला 'डिस्क्रिप्शन'चा रकाना. तुमच्या प्रश्नातलं 'वर्णन' तिथे जावं असं वाटणं साहजिक आहे, पण तो शेवटचा आसरा. ज्या माहितीला स्वतःचा रकाना आहे ती तिथेच जावी, कारण वाक्यात लिहिलेली माहिती यंत्राला गाळून काढता येत नाही. ओढा उन्हाळ्यात आटतो, हे वाक्यात लिहिण्यापेक्षा त्याच्या ठरलेल्या खुणेत नोंदवा. 'निसर्गरम्य', 'जागृत', 'सुप्रसिद्ध' यांना कुठल्याच रकान्यात जागा नाही. 'नोट' वेगळा: तो तुमच्यासारख्याच नोंदवणाऱ्यांसाठी. "सातबाऱ्यावर बु॥, पाटीवर बुद्रुक, मौजे हा नावाचा भाग आहे, काढू नये" अशी एक ओळ तिथे लिहून ठेवलीत तर पुढचा उत्साही माणूस निदान थबकेल.

विहिरींबद्दल विचारलं नव्हतंत, पण तालुका भरताय म्हणजे त्या लागतीलच. नावाच्या रकान्यात नुसतं 'बारव' लिहू नका, तो प्रकार झाला. साताऱ्याजवळ लिंब गावातली बारामोटेची विहीर मात्र तशीच, पूर्ण लिहायची. तिथे किती मोटा चालत होत्या हे आता कुणी मोजत नाही.