मार्क रॉथकोच्या चित्रांत रंगाच्या चौकोनांशिवाय काय असतं?

तुम्ही विचारलंय की मार्क रॉथकोच्या कॅनव्हासवर दोन-तीन पुसट कडांचे चौकोन तेवढे दिसतात, मग अमूर्त अभिव्यक्तिवादी (ओळखीच्या वस्तू न काढता रंग-रेषांतून भावना मांडणाऱ्या) चित्रकारांत त्याला एवढं मोठं का मानतात. माझं शिक्षण चित्रकलेचं नाही. छपाईच्या शाईला लागणारी पिगमेंट, म्हणजे रंगाच्या पुडी, बनवण्यात माझी तीस वर्षं गेली, अंबरनाथच्या एका कारखान्यात. रॉथकोपर्यंत मी पोचलो तो एका लाल रंगाचा माग काढत, म्हणून उत्तरही त्याच वाटेने देतो.

आधी आयुष्याबद्दल थोडं. जन्म १९०३चा, द्विन्स्क गावात. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज लॅटव्हियात आहे. घर ज्यू, वडील औषधविक्रेते. १९१३ मध्ये आईबरोबर अमेरिकेत पोर्टलंडला आला आणि काही महिन्यांतच वडील गेले. पोराने पेपर विकले. पुढे येलला गेला, पण दोन वर्षांत ते सोडून न्यूयॉर्क गाठलं. १९२९ पासून वीसेक वर्षं तो ब्रुकलिनच्या एका ज्यू शाळेत लहान मुलांना चित्रकला शिकवत होता, घर त्यावर चालायचं. भुयारी रेल्वेच्या फलाटावरची काटकुळी माणसं, पुराणकथांमधले आकार असं बरंच काढून झाल्यावर, १९४९च्या सुमाराला ते चौकोन आले. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. एवढी वर्षं माणसं काढणारा माणूस एक दिवस माणसं काढायचं थांबवतो, याचा विचार मी अनेकदा करतो. त्याला स्वतःला ‘अमूर्त’ हा शब्द मान्यच नव्हता. आपल्याला दुःख, आनंद, विनाश या मूळ मानवी भावना मांडायच्या आहेत, रंगांचे परस्परसंबंध वगैरेंत रस नाही, असं तो ठासून सांगायचा.

मला भावते ती त्याची रंग लावण्याची रीत. रंग इतका पातळ करायचा की जवळजवळ पाणी. एकावर एक थर, वर वार्निश नाही. उजेड वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या रंगांना भेटून परत येतो, म्हणून चित्र आतून पेटल्यासारखं वाटतं. छपाईतही पिवळ्यावर गुलाबी शाईचा पातळ थर बसला की असाच एक तिसरा लाल उभा राहतो. तो त्या कागदावर कुणी लावलेला नसतो. चित्रं एवढी मोठी का, यावर त्याचं म्हणणं असं होतं की मोठ्या चित्राशी जवळीक होते, छोट्या चित्राकडे माणूस बाहेरूनच बघतो. मोबाइलच्या पडद्यावर तुम्हाला नुसते चौकोन दिसले यात तुमची काही चूक नाही. त्या आकारात ते चित्र उरतच नाही.

न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतल्या हॉटेलची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९५८ मध्ये तिथली भित्तिचित्रं करायला घेतली, पण ती जागा पाहून आल्यावर पैसे परत केले. त्यातली नऊ पुढे लंडनच्या टेट संग्रहालयाला दिली.

मला सांगायचंय ते हार्वर्डच्या भित्तिचित्रांबद्दल. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हार्वर्ड विद्यापीठासाठी भलीमोठी चित्रं केली आणि १९६४ मध्ये त्यातली पाच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, जेवणाच्या दालनात लागली. गडद लालसर-जांभळी भुई, म्हणजे चित्राची पार्श्वभूमी, आणि तीवर दरवाजाच्या चौकटींसारखे आकार. त्या लालसाठी त्याने वापरलं होतं लिथोल रेड.

हे नाव वाचलं तेव्हा मी चमकलो. लिथोल आम्ही टनांनी काढलं आहे. टोबियास अ‍ॅसिडचा डायझो करायचा, म्हणजे ते जोडणीसाठी तयार करायचं, मग बीटा नॅफ्थॉल या दुसऱ्या रसायनाशी जोडायचं, मग कॅल्शियमचा किंवा बेरियमचा क्षार घालून ‘लेक’, म्हणजे न विरघळणारा रंग, पाडायचा. फिल्टर प्रेस या गाळणीयंत्रातून निघणारा रंगाचा ओला गोळा असा लाल की नखांतून आठवडाभर जात नसे. स्वस्त, ताकदीचा, शाईला उत्तम. पण उन्हात टिकत नाही. आम्ही रंगाची पट्टी ओढून तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकायचो आणि गच्चीवर ठेवायचो. थोड्याच दिवसांत कागद उचलला की मधोमध रेघ मारल्यासारखे दोन रंग दिसायचे.

हार्वर्डच्या त्या दालनाला छतापर्यंत खिडक्या होत्या. पडदे उघडेच राहायचे. लाल उडत गेला, त्यात मिसळलेला अल्ट्रामरीन निळा तेवढा टिकला आणि काही ठिकाणी भुई फिकट निळी पडली. १९७९ मध्ये चित्रं उतरवून गोदामात ठेवावी लागली. वरून नवा रंग लावायची सोय नव्हती, कारण वार्निश नसल्यामुळे नवा हात थेट त्याच्या हातावर पडला असता. अखेर हार्वर्डचे नारायण खांडेकर, एमआयटीतले मूळ नाशिकचे रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग काढला. जुन्या, स्वतःच फिकट झालेल्या फोटोंवरून मूळ रंग शोधले आणि चित्राच्या ठिपक्याठिपक्यावर जेवढा रंग कमी पडत होता तेवढाच प्रोजेक्टरने उजेडातून पाडला. चित्राला हात न लावता.

मुलगी बॉस्टनला असते. २०१५ मध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा हे प्रदर्शन सुरू होतं. दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करायचे. मी एका चित्रासमोर उभा होतो, आणि समोरची ती काळोखी लाल भुई डोळ्यांदेखत गेली. मागे राहिलं एक धुवट, थकलेलं कापड. चौकटी तिथेच, मापं तीच, पण खोलीतून कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं. माझा गळा दाटून आला. तुम्ही म्हणता ते चौकोन तेव्हाही जागेवरच होते.

सहावं चित्र त्या दालनात कधी लागलंच नव्हतं. ते अंधारात राहिलं, म्हणून त्याचा रंग वाचला. या प्रदर्शनात तेही मांडलं होतं, प्रोजेक्टरशिवाय. संग्रहालय बंद होईपर्यंत मी त्याच्यासमोर थांबलो. कडेला, जिथे निळा कमी पडला होता, तिथे कॅल्शियम लिथोलची ती शेड स्वच्छ दिसत होती. मुलीला म्हटलं, “बघ, हाच रंग बाबांच्या नखांत असायचा.”