नामवंत वास्तुविशारदाने आखलेल्या घरात वाढलेल्यांना त्या घराचं वेगळेपण जाणवतं का?

तुम्ही विचारलंय की अशा घरात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना काही वेगळं वाटायचं का, की ते वेगळेपण फक्त नंतर पुस्तकं वाचणाऱ्यांना दिसतं. आमच्या घरापुरतं सांगते. वेगळेपण सगळ्यांना जाणवत होतं, पण ते कुणा वास्तुविशारदाचं देणं आहे हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

माझं आजोळ चंदीगढचं. आजोबा मूळ नागपूरचे, हिशेब खात्यात नोकरीला. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि कचेऱ्यांची पांगापांग सुरू झाली. आजोबांनी मुंबईऐवजी थेट उत्तरेकडची बदली मागून घेतली. आजीच्या मते हा निव्वळ हट्टीपणा होता. फाळणीत लाहोर पलीकडे गेल्यामुळे पंजाबला नवी राजधानी हवी होती आणि ती तेव्हा अजून उभी राहतच होती. त्यांना क्वार्टर मिळालं सेक्टर 22 मध्ये. सगळ्यांत आधी वसलेल्या भागांपैकी तो एक. शेजारी जवळजवळ सगळे लाहोर, रावळपिंडीकडून उठून आलेले.

चंदीगढ म्हटलं की लोक स्विस-फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएचं नाव घेतात. त्याचं मुख्य लक्ष होतं शहराचा आराखडा, सचिवालय, उच्च न्यायालय आणि विधानसभा यांच्याकडे. सरकारी नोकरांची राहती घरं आखली ती मुख्यतः त्याचा चुलतभाऊ पिएर जान्नरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू या ब्रिटिश जोडप्यानं. फ्राय आणि ड्रू 1954 पर्यंत परतले. जान्नरे मात्र 1965 पर्यंत राहिला आणि त्याच्या अस्थीही पुढे तिथल्याच सुखना तलावात सोडल्या गेल्या. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या भारतीय वास्तुविशारदांत प्रभावळकर आणि देठे अशी दोन मराठी आडनावंही होती. आजोबा ही गोष्ट आल्यागेल्याला ऐकवायचे, जणू घरचेच होते ते.

घरांचे सुरुवातीला तेरा प्रकार ठरवले होते. वरच्या टोकाला मुख्यमंत्री, खालच्या टोकाला शिपाई. प्रकाराचा आकडा आणि त्यापुढे आखणाऱ्याचं आद्याक्षर, अशी त्यांची नावं. हल्ली अभ्यासक त्या अक्षरावर लेखच्या लेख लिहितात. आमच्या घरात महत्त्व फक्त आकड्याला होतं, कारण आकडा म्हणजे पगार, आणि कोण बढती मिळून वरच्या प्रकारात गेलं हे अख्ख्या ओळीला माहीत असायचं.

आता घराबद्दल. सिमेंट आणि लोखंड तेव्हा दुर्मीळ आणि महाग, त्यामानाने वीट स्वस्त. म्हणून सगळं विटांत, आणि बऱ्याच ठिकाणी गिलावा न करता. लाल भिंती, मध्ये पांढऱ्या रंगाच्या चौकटी, खोल व्हरांडा, वर छज्जा, जिन्याला विटांचीच जाळी. आजीला हे पहिल्यांदा बघून वाटलं की घर अर्धवट सोडून गवंडी पळालेत. तिनं आजोबांना म्हणे विचारलंही, ‘अहो, गिलावा कधी करून देणार आहेत?’

तिला आवडली ती भिंतीतच काढलेली फडताळं. बदलीच्या माणसाकडे कपाट कुठून असणार? या घरात खोलीखोलीत कोनाडे आणि कप्पे आधीच होते. एकात देव, एकात डबे, एकात आईची आणि मामांची पुस्तकं. कपाट हे सामान नसून भिंतीचाच भाग असावा, हे आईच्या मनात इतकं पक्कं बसलंय की पुढे आमचा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माणसाशी तिचा पहिला वाद याच गोष्टीवरून झाला.

पण सगळ्यांच्या आठवणीत जे एक नंबरवर आहे, ती म्हणजे गच्ची. तिकडचा मे-जून म्हणजे पारा सर्रास चाळीसच्या वर. विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री तेच आत सोडते, त्यामुळे खोलीत झोपणं अशक्य. संध्याकाळ झाली की मामा बादल्या घेऊन वर जायचे आणि फरशीवर पाणी मारायचे. ते मिनिटभरात सुकायचं, मग पुन्हा एकदा. त्यानंतर बाजा चढवायच्या. जिना अरुंद, वळणावर बाज उभी करून फिरवावी लागायची, आणि दर वर्षी कुणाचं तरी बोट चेमटायचं. ओळीतल्या सगळ्या गच्च्या लागून, मध्ये जेमतेम कमरेएवढा कठडा. रात्री सगळी ओळच्या ओळ वर असायची. इकडून लाहोरच्या गोष्टी, तिकडून कुणाच्या तरी लग्नाची बोलणी. आईला पंजाबी शाळेत नाही, गच्चीवर आली. आणि मध्यरात्री आंधी सुटली की एकच धांदल! तोंडात, डोळ्यांत धूळ, आणि प्रत्येक जण आपापली गादी उचलून त्या अरुंद जिन्याकडे धावतोय.

मी याच आठवणीवर बराच विचार केलाय, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथंच आहे. आईला विचारलं तर ती म्हणेल, शेजार चांगला होता. शेजार चांगला होताच. पण एवढा रुंद सपाट भाग, जिना थेट वर, कठडा बसून बोलता येईल इतकाच उंच, हे कुणीतरी कागदावर आखल्याशिवाय होत नाही. उन्हाळ्यात उघड्यावर झोपावं लागणार हे धरूनच ती घरं आखली होती. घरच्यांनी त्याचं सगळं श्रेय शेजाऱ्यांना देऊन टाकलंय. चांगल्या आखणीच्या बाबतीत बहुधा असंच होतं, ती माणसांच्या खात्यावर जमा होते.

मोठे मामा मात्र हे ऐकून घेत नाहीत. त्यांची चंदीगढची आठवण डिसेंबरची. जी जाळी उन्हाळ्यात वारा खेळवते तीच थंडीत धुकं आत घेते. अभ्यासाला बसलं की बोटं बधिर. आजी दिवाळीनंतर गोणपाटं शिवून जाळ्यांना लावायची, पुढे तर एक जाळी आजोबांनी आतून विटा रचून बुजवूनच टाकली, अर्थात परवानगी वगैरे न विचारता. ओळीत सगळ्यांनीच काही ना काही केलं होतं. कुणी व्हरांडा काचांनी बंद केला, कुणी मागच्या अंगणावर पत्रे घालून खोली केली. छायाचित्रांच्या पुस्तकांत या घरांचे फोटो असतात ते सुरुवातीचे, गोणपाटांशिवायचे. मला विचाराल तर मामांची तक्रारही त्या घराच्या इतिहासाचाच भाग आहे आणि ती लिहून ठेवली पाहिजे.

स्वयंपाकघर लहान होतं, त्याबद्दल आजीकडून ऐकलंय तेवढं पुरे. शेगडी कायम अंगणात.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. सरकारी घराचं हे असंच, आयुष्य तिथं काढायचं आणि शेवटी किल्ली देऊन पावती घ्यायची. आजोबा नागपूरला परतले. पुढे बऱ्याच वर्षांनी मी आईला वर्तमानपत्रातला एक फोटो दाखवला. तिरक्या पायांची, वेताची विणलेली सागवानी खुर्ची, जान्नरेच्याच नावानं ओळखली जाणारी, परदेशातल्या लिलावात लाखोंना गेलेली. तिनं चष्मा वर केला आणि म्हणाली, ‘ही? ह्या तर बाबांच्या ऑफिसात होत्या. वेत तुटला की मागच्या आवारात ढीग घालायचे.’ चंदीगढच्या कचेऱ्यांमधल्या या खुर्च्या खरोखरच वर्षानुवर्षं भंगारात विकल्या गेल्या आणि परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या. केंद्रीय गृहमंत्रालयानं 2011 मध्ये विक्रीला बंदी घातली, तोवर बरंच सामान गेलेलं होतं.

तुम्हाला अशी घरं प्रत्यक्ष बघायची असतील तर सेक्टर 5 मधलं 57 नंबरचं घर बघा. तिथं जान्नरे स्वतः राहायचा आणि 2017 पासून ते संग्रहालय आहे. मग सेक्टर 22 मध्ये पायी फिरा. क्वार्टरांमध्ये अजून नोकरदार कुटुंबं राहतात, त्यामुळे बेल वाजवून ‘घर दाखवता का’ असं विचारू नका. रस्त्यावरून जाळ्या दिसतात. त्यातल्या किती बुजवल्यात ते मोजलंत तर मामांना कळवा, त्यांना आनंद होईल.