फिरतीची नोकरी आहे, रविवारीही फोन थांबत नाही. काय करावं?

मुक्काम नागपूर, फिरती चंद्रपूर-गोंदियापर्यंत आणि सुट्टीच्या दिवशीही दुकानदारांचे मेसेज, असं तुम्ही लिहिलंय. आधी कामाचं सिम वेगळं करा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'अवे मेसेज'ची सोय आहे. कामाची वेळ टाकली की त्याबाहेर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं. माझं असं आहे: "ऑर्डर टाकून ठेवा, सोमवारी सकाळी पहिली तुमचीच बघतो." उत्तर मिळालं की बहुतेक जण पुन्हा फोन लावत नाहीत. त्यांना फक्त माल मिळेल एवढी खात्री हवी असते.

संध्याकाळ खरी खातो तो रिपोर्ट. रात्री लॉजवर बसून दिवसभराच्या भेटी ॲपमध्ये भरू नका. दुकानातून बाहेर पडलात की गाडीला किक मारायच्या आधी तिथेच भरा. कोण काय बोललं तेही तेव्हाच नीट आठवतं. मे महिन्यात मात्र फोन हँडलवर लावू नका. आपल्याकडच्या उन्हात तो तापतो आणि चार्जिंगच थांबतं. बॅगेत ठेवा, दिवसाच्या भेटींची यादी खिशात कागदावर असू द्या.

सुट्टी मागायला संकोचू नका. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी १९७६ च्या कायद्याने कामाच्या दिवसांच्या किमान १/११ इतकी पगारी रजा ठरवून दिली होती, म्हणजे हा हक्क जुना आहे. महिन्याचा टूर प्रोग्रॅम देतानाच रजेची तारीख त्यात लिहा. आयत्या वेळी मागितलेली रजा साहेब सहसा पुढे ढकलतात.