साडीतल्या पिना कुणाला दिसतात?

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, चिंचवडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. बॉयकट आहे, कामावर शर्ट-पँट, बुलेट चालवते. मध्ये एक स्थळ आलं होतं, मुलाला जॉब, पगार सगळं पसंत, पण निरोप आला की 'मुलगी जरा फेमिनिन हवी होती'. आई म्हणते केस वाढव, बहीण म्हणते गेला उडत. साडी-काजळ मलाही आवडतं हो, पण माझ्या मूडप्रमाणे. माझ्यात नक्की काय कमी आहे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : अगं, कमीबिमी काही नाही, पण त्या निरोपावर जरा बोलूच, कारण तो खूप जणींना येतो. पुरुषांना विचारलं की बाईपणा म्हणजे काय, तर आवाज, चाल, केस, लाजणं असं काय काय सांगतात, म्हणजे सगळं तयार होऊन समोर आलेलं. बायकांना त्यामागची खटपट दिसते. लग्नात एखादी छान दिसली की नवरा म्हणतो 'मस्त दिसतेय', तेवढ्यात त्याच्या बायकोने निऱ्यांना पिना कुठे लावल्यात, फॉल नीट बसलाय का आणि बिचारीला ते हिल्स किती चावतायत हे सगळं बघून घेतलेलं असतं. त्याला ते जन्मजात वाटतं, तिला त्यामागचा दीड तास माहीत असतो. (आणि म्हणूनच 'एवढं पण जमत नाही का तुला' हे सहसा सासू नाहीतर मावशीच बोलते.)

जन्मजात नसतं याचा पुरावा तर आपल्याकडे केवढा मोठा आहे, नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे आपले बालगंधर्व! १९११ ला 'मानापमान'मधली भामिनी, १९१९ ला 'एकच प्याला'तली सिंधू. लिहिणारे पुरुष, वठवणारा पुरुष, आणि नाटक बघून आलेल्या बायका घरी तशी साडी नेसून बघायच्या, तसाच गजरा माळायच्या. म्हणजे आपल्या पणज्यांनी शालीन-नाजूक म्हणून जे उचललं त्यातलं थोडंफार तरी एका पुरुषाने तालमी करून बसवलेलं होतं. आणि त्याच काळात शेतात बायका काष्टा मारून गुडघाभर चिखलात भात लावत होत्या, त्यांना कोण नाजूक म्हणतंय! आता तीच नऊवारी रेडीमेड शिवून मिळते आणि पाडव्याच्या शोभायात्रेत ती नेसून, नथ घालून मुली बुलेटवर निघाल्या की फोटोखाली लोक 'मराठमोळी नार' लिहितात. तेव्हा बुलेट चालते बघ सगळ्यांना.

आईशी मात्र भांडू नकोस. तिला चार लोक तुला काय बोलतील त्याची धास्ती आहे, बाकी काही नाही. केस तुला वाटले तर वाढव. पुढच्या स्थळाला फोटो बॉयकटमधलाच पाठव, साडीतला आवडता असेल तर तोही, आणि फोनवर बोलतानाच विचारून टाक की लग्नानंतर स्वयंपाक, पाहुणे, आईवडिलांची दुखणीखुपणी कोण बघणार, कारण 'फेमिनिन'च्या आत पुष्कळदा हेच दडलेलं असतं. तो अडखळला तर लगेच फुली मारू नकोस, मुलांना हे कधी कुणी विचारलेलंच नसतं, दोन-चार दिवस दे आणि मग काय ते ठरव.