सेव्हिल, शाकाहारी वन्सं आणि साडेसातचं ताट

प्रश्न : ताई, माझा मुलगा माद्रिदला नोकरीला आहे. एप्रिलमध्ये मी, माझे मिस्टर आणि वन्सं असे तिघं त्याच्याकडे जातोय. त्याला सुट्टी नाही, म्हणून तीन दिवस आमचे आम्हीच सेव्हिलला जाऊन यावं म्हणतो. मिस्टरांना शुगर आहे, संध्याकाळी साडेसातला ताट लागतं. वन्सं मासमटण खात नाहीत, अंडं चालतं. एका ओळखीच्या एजंटाने तीन दिवसांत बघायची अकरा ठिकाणं लिहून दिली आहेत. झेपेल का? आणि खायचं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अकरा ठिकाणांच्या कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवा आणि तिथेच राहू द्या. सेव्हिलमध्ये तिकीट काढून बघावंच असं दोनच जागी आहे : अल्काझार राजवाडा आणि कॅथेड्रल. दोन्ही अगदी जवळजवळ आहेत, म्हणून एजंट लोक एकाच सकाळी दोन्ही उरकतात. तुम्ही तसं करू नका. एक पहिल्या दिवशी, एक दुसऱ्या. उरलेलं गाव पायी फिरायचं आहे.

आधी तारखा बघा. गुड फ्रायडेचा आठवडा म्हणजे तिथला सेमाना सांता. मिरवणुका दिवसरात्र चालतात आणि जुन्या गावात चालणं म्हणजे अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोड ओलांडणं. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी फेरिया, म्हणजे जत्रा. दोन्ही वेळी हॉटेलचे दर कडाडतात. तुमच्या वयाला आणि गुडघ्यांना या दोन्हींच्या मधले किंवा नंतरचे दिवस बरे. नारिंगीच्या झाडांना बहर आला असेल तर गल्लीत शिरल्याबरोबर वास येतो. झाडांवर लटकलेली फळं मात्र तोडून खाऊ नका, कडूजहर असतात. त्यांचा मुरंबा होतो, तोही बराचसा इंग्रज लोकच खातात.

माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून आवे ही वेगवान गाडी अडीच तासांत सेव्हिलच्या सांता हुस्ता स्टेशनला पोचते. स्पेनमधला हा पहिला वेगवान मार्ग, 1992 च्या एक्स्पोसाठी बांधलेला. तिकिटं मुलाला लवकर काढायला सांगा, उशीर केला की महागतात. स्टेशनवर सामान तपासतात, तेव्हा धावतपळत जाऊ नका.

अल्काझारचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच, सकाळच्या पहिल्या वेळेचं घ्या आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. आतला मुख्य महाल 1364 मध्ये पेद्रो या ख्रिस्ती राजाने बांधायला घेतला, पण कारागिरी सगळी मुसलमानी घडणीची. दर्शनी भिंतीवर निळ्यापांढऱ्या फरशांत अरबी अक्षरं आहेत : अल्लाखेरीज कोणी विजेता नाही. ख्रिस्ती राजाच्या दारावर! गाइड लोक इथून घाईघाईने पुढे नेतात. तुम्ही थांबा. मागे बाग आहे, मोर आहेत, बसायला बाकं आहेत. मिस्टरांना तिथे बसवा.

कॅथेड्रलच्या हिराल्दा मनोऱ्याला घाबरू नका. तो मुळात मशिदीचा मिनार, बाराव्या शतकातला. बांग देणारा घोड्यावरून वर जाऊ शकावा म्हणून आत पायऱ्यांऐवजी उतार केलेत, एकूण 35. पायऱ्या लागतात त्या अगदी शेवटी थोड्या. दर वळणाला खिडकी आहे, दम खात चढता येतं. खाली कोलंबसाची शवपेटी स्पेनच्या चार जुन्या राज्यांच्या दूतांच्या पुतळ्यांनी खांद्यावर घेतली आहे. क्युबा हातचं गेल्यावर स्पेनने ती हवानाहून इकडे आणली.

आता जेवणाचं, कारण खरा प्रश्न तोच आहे. साडेसातला ताट मिळणार नाही. दुपारी चारच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी चूल बंद होते ती आठ-साडेआठला पेटते. गावाचं घड्याळ तुमच्यासाठी बदलणार नाही. तेव्हा भरपेट जेवण दोन वाजता घ्या, मग हॉटेलवर वामकुक्षी. सहाच्या सुमारास कॅफे उघडे असतात, तिथे कॉफी आणि टोमॅटो-ऑलिव्ह तेलाचा टोस्ट किंवा तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. रात्री साडेआठला दोन तापास, म्हणजे छोट्या बशीतले पदार्थ, खाऊन झोपायचं. मिस्टरांच्या गोळ्यांच्या वेळा मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि पिशवीत खाकरा असू द्या.

वन्संना उपाशी राहावं लागणार नाही, पण सावध राहावं लागेल. ‘मांस नको’ म्हटलं की वेटर खुशाल हामोन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, वरून भुरभुरून आणतो. त्याच्या लेखी ते मांस नव्हेच. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, हामोन नको, मासे नकोत, असं तिन्ही म्हणा. सॅलडमध्ये ट्यूना असतो, त्यासाठी ‘सिन आतून’. सकाळी टोस्टबरोबर काउंटरवर केशरी रंगाचं काहीतरी बरणीत दिसेल, ती डुकराची चरबी आहे. हात लावू नका.

बिनधास्त मागवायचं ते ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’, पालक आणि काबुली चणे. पाव तेलात तळून घेतात, लसूण, जिरं आणि थोड्या व्हिनेगरबरोबर खलबत्त्यात कुटतात आणि ते वाटण पालकाला लावतात. जिऱ्याचा वास आला की वन्संचा चेहरा खुलेल. दुसरं, ‘बेरेन्खेनास कोन मिएल’. तळलेल्या वांग्याच्या कापांवर ‘मध’ ओततात असं मेन्यूवर लिहिलेलं असतं, पण बऱ्याच ठिकाणी ती उसाची काकवी असते. सांगलीकरांना काकवीची ओळख करून द्यायला नको! सालमोरेखो हे टोमॅटोचं थंड, दाट सूपही छान, फक्त वरचं हामोन नको म्हणा.

सांता कातालिना चर्चजवळ एल रिंकोंसिलो नावाचं दुकान आहे, 1670 पासून चालू. पालक-चणे तिथे खा, बाकड्याशी उभं राहून. वेटर तुमचा हिशेब खडूने लाकडी काउंटरवरच लिहितो आणि पैसे दिले की पुसून टाकतो. एका तापाला साधारण 3 ते 5 युरो पडतात. ग्रनादात पेयाबरोबर तापा फुकट येतो, इथे नाही.

गोडाचं म्हणाल तर सान लेआंद्रो मठातल्या नन ‘येमास’ विकतात, अंड्याच्या बलकाची साखरेतली मिठाई. भिंतीत फिरतं लाकडी कपाट असतं. त्यात पैसे ठेवायचे, कपाट फिरतं आणि खोका येतो. आतल्या बाईंचा फक्त आवाज. वन्संना चालेल, मिस्टरांना अर्धीसुद्धा देऊ नका. मांतेकादो, पोल्व्होरोन ही बिस्किटं मात्र चरबीत केलेली असतात, ती वन्संना नकोत.

तिसऱ्या दिवशी पूल ओलांडून त्रिआना. कुंभारांची वस्ती ही, दुकानांच्या पाट्यासुद्धा रंगीत फरशांच्या. बाजार सकाळीच बघा. प्लाझा दे एस्पान्या 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं, फुकट आहे, उन्हं तापायच्या आत जा. झालं. अकरापैकी बाकीचं राहिलं तर राहिलं.

प्रश्न : मी जर्मनीत शिकतो. ऑगस्टमध्ये सेव्हिलची हॉटेलं स्वस्त दिसतात. जाऊ का? फ्लेमेंको कुठे बघू?
– एक विद्यार्थी, मूळचा नाशिकचा

उत्तर : स्वस्त का आहेत, ते हवामान उघडून बघ. पारा चाळिशीपार जातो. सिएर्पेस रस्त्यावर एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत कापडं ताणून सावली करतात, तरी दुपारी चिटपाखरू नसतं. जुने खाणावळवाले स्वतःच सुट्टीवर गेलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटी जा.

फ्लेमेंकोसाठी जेवणासकटचं महागडं पॅकेज घेऊ नकोस, जेवणही बेतास बात आणि नाचही. शंभरच्या आत खुर्च्या असलेली, ध्वनिवर्धक न लावणारी जागा शोध. आणि टाळ्या वाजवून साथ द्यायला जाऊ नकोस. ‘पाल्मास’, म्हणजे त्या टाळ्या, हे तिथे वाद्यच आहे आणि ते वाजवणारे मंचावर बसलेले असतात. गाणाऱ्याकडे बघ, नाचणारी त्याच्या मागे जाते.

प्रश्न : सेव्हिलहून एका दिवसात ग्रनादाचा आल्हांब्रा की कोर्दोबा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कोर्दोबा. वेगवान गाडीने पाऊण तास. आल्हांब्रा म्हणजे ग्रनादाचा किल्ला-राजवाडा, तिथल्या नास्री सुलतानांच्या महालांची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि जाण्यायेण्यातच दिवस जातो, तिथे एक रात्र राहायलाच हवं. कोर्दोबाची मशीद 785 च्या सुमारास सुरू झाली. साडेआठशेच्या वर खांब आहेत आणि त्यांच्या मधोमध सोळाव्या शतकात घुसवलेलं कॅथेड्रल. सकाळी उघडताच आत शिरा, गटांच्या बसेस नंतर येतात. दुपारी सालमोरेखो तिथेच खा, ते मूळचं कोर्दोबाचं. परतीची गाडी सहानंतरची घ्या.