ट्रिगरने फक्त चिठ्ठी लिहावी

प्रश्न : मी शिक्षणविषयक संकेतस्थळांची एक सूची सांभाळते. सगळी माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. नवीन नोंद पडली की त्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट आपोआप निघावा म्हणून टेबलावर ट्रिगर (नोंद पडली किंवा बदलली की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) लावला आणि त्यातूनच स्क्रीनशॉट काढणाऱ्या सेवेला विनंती पाठवते. आता नोंद सेव्ह व्हायला फार वेळ लागतो, काही चित्रं पांढरी फटक येतात आणि एकाच पानाचे स्क्रीनशॉट पुन्हा पुन्हा निघत राहतात. ट्रिगर काढून रोज रात्री सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत का?

उत्तर : ट्रिगर काढू नका. तुमची कल्पना योग्यच आहे, फक्त ट्रिगरच्या गळ्यात भलतं काम पडलंय. ट्रिगर हा नोंद लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकतर पूर्ण होणाऱ्या नाहीतर पूर्ण रद्द होणाऱ्या व्यवहाराच्या, आतच चालतो. ब्राउझर उघडून पानाचं चित्र यायला काही सेकंद जातात. तेवढा वेळ ट्रान्झॅक्शन उघडं राहतं आणि सेव्हचं बटण दाबणारा माणूस ताटकळतो. शिवाय शेवटी काही बिनसून ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे रद्द झालं, तर नोंद नाहीशी होते आणि चित्र मात्र मागे राहतं.

म्हणून ट्रिगरने एवढंच करावं : ‘या पत्त्याचा स्क्रीनशॉट हवा आहे’ अशी एक ओळ कामांच्या वेगळ्या टेबलात टाकावी. रोलबॅक झालं तर ती ओळही जाते. चित्र काढणारा वर्कर हा स्वतंत्र प्रोग्रॅम असू द्या. तो या टेबलातून एक काम उचलेल, ‘चालू’ अशी खूण आणि वेळ लिहून लगेच कमिट करेल (म्हणजे तो बदल पक्का करेल), आणि मगच ब्राउझर उघडेल. दोन-तीन वर्कर असतील तर दोघांनी एकच काम उचलू नये यासाठी ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ वापरा; दुसऱ्याने धरून ठेवलेल्या ओळी त्याने वगळल्या जातात. पोस्टग्रेसमध्ये ही सोय 9.5 या आवृत्तीपासून आहे. वर्कर मध्येच बंद पडला तर त्याचं काम ‘चालू’ अवस्थेतच अडकतं, तेव्हा दहा मिनिटांपेक्षा जुनी अशी कामं पुन्हा रांगेत येऊ द्या.

पोस्टग्रेसची ‘नोटिफाय’ ही संदेश पाठवणारी आज्ञा वापरून वर्करला लगेच जागं करता येतं, आणि तो संदेश कमिट झाल्यावरच सुटतो, हे छान आहे. पण त्या क्षणी कोणी ऐकत नसेल तर तो कुठेही साठून राहत नाही. म्हणून वर्करने दर मिनिटाला रांग स्वतःही तपासावी.

पुन्हा पुन्हा निघणाऱ्या स्क्रीनशॉटचं कारण माझ्या मते असं : चित्र तयार झालं की त्याचा पत्ता तुम्ही त्याच नोंदीत लिहीत असाल. तो अपडेट झाला की ट्रिगर पुन्हा सुटतो. ट्रिगर फक्त संकेतस्थळाच्या पत्त्याच्या कॉलमपुरता ठेवला तरी पुरेसं नाही. बऱ्याच फॉर्ममधून सेव्ह करताना सगळे कॉलम पुन्हा लिहिले जातात, आणि कॉलममधलं मूल्य तेच असलं तरी ट्रिगर चालतो. जुना पत्ता आणि नवा पत्ता खरोखर वेगळे आहेत का, हे ट्रिगरच्या ‘व्हेन’ या अटीत ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ या तुलनेने तपासा. इन्सर्टला, म्हणजे नवीन नोंदीला, जुनं मूल्य नसतं, त्यामुळे इन्सर्टसाठी आणि अपडेटसाठी दोन वेगळे ट्रिगर लिहावे लागतील.

आता पांढरी चित्रं. इथे खरी मेहनत आहे आणि ती घ्यायलाच हवी, कारण वाचक संकेतस्थळाला तुमच्या चित्रावरूनच जोखणार. आजची बरीच पानं ‘लोड’ झाल्याची खूण देतात तेव्हा रिकामीच असतात. मजकूर त्यानंतर जावास्क्रिप्टने भरतो. प्लेराइट आणि पपेटिअर या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या दोन्ही साधनांत नेटवर्क अर्धा सेकंद शांत होईपर्यंत थांबायची सोय आहे, पण चॅटची खिडकी किंवा सतत काही मागवणारी जाहिरात असलेलं पान कधी शांतच होत नाही. मी असं करते : लोड होऊ देते, फॉन्ट आल्याची खात्री करते, पान हळूहळू खालपर्यंत सरकवते म्हणजे दिसल्यावरच उतरणारी छायाचित्रंही येतात, मग वर येऊन क्षणभर थांबते. या सगळ्याला तीस सेकंदांची मर्यादा. चित्र आल्यावर ते एकाच रंगाचं आहे का हे तपासायचं. असेल तर काम अपयशी. सर्व्हरने 404 (पान सापडलं नाही) किंवा 403 (परवानगी नाही) दिलं असेल तरीही अपयशीच, कारण चुकीच्या पानाचंही चित्र सुरेख निघतं.

सूचीत मराठी संकेतस्थळं असतील तर सर्व्हरवर नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट आधी बसवा. नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतात, आणि आपल्याच भाषेचं पान असं छापलेलं मला पाहवत नाही.

पत्ते बाहेरचे लोक भरत असतील तर आणखी एक गोष्ट अजिबात टाळू नका. तुमचा ब्राउझर तुमच्या सर्व्हरवरून पान उघडतो. कोणी लोकलहोस्टचा (म्हणजे तुमच्या सर्व्हरचाच) किंवा 169.254.169.254 हा (क्लाउडमधल्या सर्व्हरची अंतर्गत माहिती देणारा) पत्ता दिला, तर आतली गुपितं चित्रात उमटू शकतात. फक्त एचटीटीपी आणि एचटीटीपीएस चालू द्या, खासगी आयपी पत्ते (आतल्या नेटवर्कमधले) अडवा, आणि रीडायरेक्टनंतरचा, म्हणजे पान दुसरीकडे वळवलं गेल्यावरचा, पत्ताही तपासा.

राहिला रात्रीचा प्रश्न. ट्रिगरला तुमच्या टेबलातला बदल कळतो. समोरच्याने आपलं पान बदललं तर तो कळत नाही. तेवढ्यासाठी रात्रीचं वेळापत्रक हवंच. पण सगळी सूची नको. ज्यांचं चित्र महिन्यापेक्षा जुनं आहे तेवढ्याच नोंदी त्याच रांगेत टाका, आणि नवं चित्र तपासणीत उतरल्याशिवाय जुनं काढू नका.