म्युनिकहून गाडीने ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि व्हेनिस: 10 दिवसांत मार्ग आणि थांबे कसे ठरवावेत?

तुमच्या प्रश्नातून समजलं ते असं: सप्टेंबरमध्ये म्युनिकला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, व्हेनिसपर्यंत जाऊन म्युनिकलाच परतायचं, तुम्ही नवरा-बायको, सोबत 8 वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारी आई. मार्ग उत्तम निवडला आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, या सहलीत सीमा बहुधा कळतही नाही, पण ती ओलांडली की टोल आणि नियम बदललेले असतात. म्हणून आखणी सीमांच्या हिशेबाने करा.

मी मुक्काम असे लावेन: म्युनिक 1 रात्र, ऑस्ट्रियात साल्झबुर्ग 1, स्लोव्हेनियात ब्लेड 3, मग इटलीत चिव्हिदाले 1, व्हेनिसलगतचं मेस्त्रे 2, डोबियाको 1. पहिल्या दिवशी गाडी घेऊच नका. रात्रभराच्या प्रवासानंतर, झोप नसताना, रस्त्याच्या उजव्या बाजूने पहिल्यांदा गाडी चालवणं धोक्याचं आहे. ताबा दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, एका दिवसाचं भाडं आणि पार्किंगही वाचेल. ऑक्टोबरफेस्टच्या तारखा आधी बघा, तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि तेव्हा म्युनिकच्या हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात.

या हिशेबात इटलीत 4 रात्री आणि स्लोव्हेनियात 3 होतात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे या चारही देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, म्हणजे विमान जर्मनीत उतरत असलं तरी अर्ज इटलीकडे. मुक्काम बदलले तर हे गणितही बदलेल, तेव्हा आधी मुक्काम पक्के करा.

मूळ लायसन्ससोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, तो एक वर्ष चालतो. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. नवऱ्याचं लायसन्स आणि बायकोचं कार्ड असलं तर काउंटरवर गाडी नाकारली जाऊ शकते. स्लोव्हेनिया आणि इटलीत गाडी नेणार हे बुकिंग करतानाच सांगा आणि करारावर लिहून घ्या, नाहीतर अपघात झाल्यास विमा हात वर करतो. चौघांच्या चार बॅगा छोट्या हॅचबॅकमध्ये मावत नाहीत, स्टेशन वॅगन मागा. मुलाच्या सीटसाठी ऑस्ट्रियात 135 सेंटिमीटर उंचीची अट आहे, जर्मनी आणि इटलीत 150. कडक नियम धरा आणि बूस्टर सीट घ्याच.

आता टोल. सगळ्यात जास्त दंड इथेच बसतो. ऑस्ट्रियात महामार्गासाठी व्हिन्येट, म्हणजे मुदतीचा टोलपास लागतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी आत शिराल आणि दहाव्या दिवशी बाहेर पडाल, म्हणजे 10 दिवसांचा पास पुरतो. तो गाडीच्या नंबरवर निघतो, म्हणून किल्ली हातात आल्यावर नंबरप्लेट बघूनच काढा. एक अक्षर चुकलं तरी पास नसल्यातच जमा. पण हा पास सगळीकडे चालत नाही. साल्झबुर्गहून दक्षिणेला जाणाऱ्या ए10 महामार्गावरचे टाउर्न भागातले बोगदे, स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा सुमारे 8 किलोमीटरचा कारावांकन बोगदा आणि परतीच्या वाटेवरचा, इटलीतून ऑस्ट्रियात आणणारा ब्रेन्नर महामार्ग यांचा टोल वेगळा. कारावांकनमधून बाहेर पडताच स्लोव्हेनियाचा ई-व्हिन्येट लागू होतो. त्याचा 7 दिवसांचा पास साल्झबुर्गलाच ऑनलाइन काढून ठेवा, कारण तो नसल्यास दंड किमान 300 युरो आहे.

साल्झबुर्ग ते ब्लेड साधारण 225 किलोमीटर. शनिवारी हा रस्ता तुंबतो, शक्यतो टाळा. वाटेत वेर्फेनची बर्फाची गुहा नावाजलेली आहे, पण आत 700 पायऱ्या चढून तितक्याच उतराव्या लागतात, आईंसाठी ती नाही. त्याऐवजी महामार्गालगतच्या ग्म्युंडला थांबा. 1948 मध्ये पहिली पोर्शे 356 याच गावात तयार झाली आणि तिथे पोर्शेचं एक छोटं खासगी संग्रहालय आहे. मुलगा खूश होईल.

ब्लेडच्या तळ्याभोवतीची 6 किलोमीटरची वाट जवळपास सपाट आहे, आई हवी तेवढी चालू शकतील. तळ्यातल्या बेटावर उतरल्यावर मात्र 99 पायऱ्या. एक दिवस जवळच्या बोहिन्य तळ्याला जाऊन केबलकारने व्होगेल डोंगरावर चढा, 1535 मीटरवर गुडघ्यांना त्रास न होता पोचता येतं. दुसरा दिवस गुहेचा. श्कोत्सियानची भूमिगत दरी जास्त भव्य आहे, पण तिथे 500 च्या आसपास पायऱ्या आहेत. तुमच्यासाठी पोस्तोयना, तिथे आत बरंचसं अंतर छोट्या रेल्वेने जातात. तापमान 10 अंशांच्या आसपास असतं, जाकिटं गाडीत विसरू नका.

सहावा दिवस सहलीचा कळस आहे, तो घाईत उरकू नका. ब्लेडहून क्रान्यस्का गोरा, तिथून 1611 मीटरचा व्हर्शिच घाट: 50 वळणं, प्रत्येकाला नंबर, आणि चढणीच्या बाजूच्या वळणांवर दगडी फरसबंदी. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता बांधून घेतला गेला. मार्च 1916 मध्ये हिमस्खलनात त्यातले अनेक जण गाडले गेले. त्यांच्या आठवणीतलं लाकडी चॅपल आठव्या वळणाजवळ आहे. तिथे थांबाच. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, कमी गिअर वापरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड. सतत दाबलेले ब्रेक तापून पकड सोडतात. मुलाला घाट लागत असेल तर पोटभर नाश्ता देऊन निघू नका. पलीकडे हिरव्यानिळ्या पाण्याची सोचा नदी बोव्हेत्सपर्यंत साथ देते. कोबारीदचं युद्धसंग्रहालय बघून चिव्हिदालेला मुक्काम. अंतर जेमतेम 140 किलोमीटर, पण अख्खा दिवस लागतो.

इटलीत जुन्या गावांच्या वेशीवर झेडटीएल (परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी असलेला भाग) अशी पाटी दिसली की आत गाडी घालू नका. कॅमेरा नंबर टिपतो, दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते आणि गाडीची कंपनी प्रक्रिया शुल्क वेगळं कापते. टोलनाक्यावर पिवळी टेलिपास लेन (टोल आपोआप कापणारं यंत्र बसवलेल्या गाड्यांची) टाळा. चुकून शिरलात तर रिव्हर्स अजिबात घेऊ नका. मदतीचं बटण दाबा, मिळालेली पावती 15 दिवसांत ऑनलाइन भरता येते. व्हेनिसच्या वाटेवर पाल्मानोव्हा लागतं, 1593 मध्ये वसवलेलं ताऱ्याच्या आकाराचं किल्ल्याचं गाव. तो तारा जमिनीवरून दिसत नाही, मधला षट्कोनी चौक बघा, तासभर पुरे. गाडी मेस्त्रेला ठेवा, व्हेनिसला रेल्वेने 10-12 मिनिटं लागतात.

डोबियाकोकडे जाताना लोंगारोनेला वळून व्हायोंतचं धरण बघा. 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री डोंगराचा कडा जलाशयात कोसळला, पाणी भिंतीवरून उसळून खाली आलं आणि सुमारे 2000 माणसं गेली. धरण मात्र फुटलं नाही, भिंत आजही उभी आहे. या वाटेवर मी एकच थांबा निवडला असता तर हा.

शेवटच्या दिवशी डोबियाको ते म्युनिक विमानतळ चार-साडेचार तास. ब्रेन्नरच्या लुएग पुलावर दुरुस्तीमुळे 2025 पासून अनेकदा दोन्ही दिशांना एकेकच लेन असते, आणि जर्मनीच्या सीमेवर पासपोर्ट तपासू शकतात. विमानाच्या वेळेआधी किमान तीन तास जास्तीचे धरा, पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवा. गाड्या थांबल्या की डावीकडच्या लेनने डावीकडे, बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेला वाट ठेवायची. जर्मनी आणि ऑस्ट्रियात हा कायदा आहे, आणि सायरन ऐकू येण्याची वाट न बघता, रांग लागताच तो पाळायचा असतो.